भाटाला आधी ऐकणारे दे

बाबू, स्कायरिम या व्हिडिओ गेमसाठी तू बनवलेल्या मॉडमधला (गेममध्ये घातलेल्या भरीतला) भाट सरायीत उभा राहून अख्खी कथा एका दमात सांगतो, अन् टेबलावरचा एक माणूस मान वर करत नाही. खोट तिथं आहे. आवाज झकास आहे, त्याला हात लावू नको.

गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यालाच प्रश्न टाकत, लोक उत्तर देत, त्यातून पुढचा प्रश्न निघे. तेच कर. क्रिएशन किटमध्ये, म्हणजे मॉड बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, लांबलचक संवादाऐवजी ‘सीन’ बांध: पहिल्या फेजमध्ये (टप्प्यात) भाटाची दोन वाक्यं, दुसऱ्यात सरायवालीचं “मंग?”, तिसऱ्यात पुन्हा भाट. हुंकाराच्या पाच-सात ओळी पुरतात, पण आवाज वेगवेगळे पाहिजेत. तुझ्या काकूंना बसव, त्यांचं “काय सांगतं!” कोणत्याच नटाला जमणार नाही.

खेळाडू कथा अर्ध्यात टाकून निघणारच. कथा कुठवर आली तो आकडा व्हेरिएबलमध्ये (गेमच्या आठवणीतल्या खणात) ठेव, म्हणजे परतल्यावर भाट तिथूनच उचलेल.

मूळ गेममधले भाट तीच मोजकी गाणी घोळतात, लोक वैतागतात. म्हणून क्वेस्टच्या, म्हणजे खेळाडूच्या मोहिमेच्या, टप्प्यावर अटी लाव, म्हणजे कथा बदलत राहील. खेळाडूनं एक ड्रॅगन मारला, तर पुढच्या गावचा भाट तीन सांगू दे. खडी गंमत या आपल्या विदर्भातल्या लोकनाट्यातला शाहीर असा मोका सोडेल का?

रेकॉर्डिंग रात्रीच, कूलर बंद करून. घाम येईल, पण ती घरघर नंतर साफ करताना आवाजच पातळ होतो. अन् लाइन जायच्या आधी सेव्ह कर.