राग गेला तर लिहिणंही जाईल?

"मॅडम, मला बरं करा, पण फार बरं करू नका."

लिहिणारे, चित्रं काढणारे, गाणारे... या ना त्या शब्दांत हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येत नाही. आतली आग विझली की कलाही विझेल, ही भीती खरी असते.

हे वाक्य एका पस्तिशीतल्या कथालेखकाचं. वडिलांशी सतत खटके, मग रात्रभर जागून लिहिणं, सकाळी घरच्यांवर खेकसणं. "संताप हेच माझं भांडवल," म्हणायचे. चार भेटी यावरच घासाघीस. शेवटी म्हटलं, "वह्या घेऊन या."

संतापाच्या रात्रींची पानं मी बोटांनी चाचपली. पेन इतकं दाबलेलं की अक्षरं मागच्या पानावर उठलेली. आणि मजकूर? 'त्यांनी मला कधी माणूस समजलंच नाही.' एकाच पानावर सात वेळा. मग त्यांच्या सगळ्यात आवडत्या कथेचा खर्डा काढायला लावला. अक्षर मोकळं. त्यात वडील रात्री दाराची कडी लावतात, काढतात, पुन्हा लावतात.

"हे कधी लिहिलंत?"

त्यांनी कोपऱ्यातली तारीख पाहिली. भांडणानंतर तीन आठवड्यांनी.

कडीच्या ओळीवर बोट ठेवून ते बराच वेळ बसले. "रागात मला ही कडी दिसलीच नव्हती."

वह्या मागवायचं मला सुचलं, याचं आजही बरं वाटतं.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या, म्हणजे भावनेमागचा विचार तपासण्याच्या, वाटेवरची. त्यात नकारात्मक भावना हाकलायच्या नसतात. चीड म्हणते, 'हे मला पटलं नाही', आणि कामाला लागते. संताप म्हणतो, 'असं घडायलाच नको होतं', आणि तिथंच अडून बसतो.

म्हणून आधी ओकून टाका, पंधरा मिनिटं, कुणाला न दाखवता. मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर यांच्या १९८६च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी चार दिवस आपल्या क्लेशदायक अनुभवांबद्दल, घटना आणि भावना दोन्ही, असंच लिहिलं. लिहिल्यावर लगेच मन जडच झालं, पण पुढच्या सहा महिन्यांत आजारपणासाठी त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. मात्र ती कला नव्हे, कच्चा माल. वही मिटा. काही दिवसांनी उघडून त्यात एखादी 'कडी' सापडते का बघा. झोप, भूकच उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र वही राहू द्या, आधी डॉक्टरांना गाठा.

परवा ते कथालेखक आले ते वैतागूनच. "मॅडम, नव्या कथेत बापाची बाजू लिहून बसलो. स्वतःचाच राग आला."

"मग फाडलंत?"

"छे! संवाद फार जमलाय."