नदीची पातळी आणि पाण्यावरील सुरक्षितता : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नदीच्या माहितीत कधी पातळी मीटरमध्ये दिलेली असते, तर कधी विसर्ग क्युसेकमध्ये. पातळी २ मीटर दाखवली असेल तर नदी २ मीटर खोल आहे असे समजावे का? आणि वाहते पाणी मोजतात तरी कसे?

उत्तर : तसे समजू नये. मापनकेंद्रावरील पातळी ही एका ठरवून घेतलेल्या शून्यबिंदूपासून मोजलेली पाण्याच्या पृष्ठभागाची उंची असते आणि हा शून्यबिंदू नदीच्या तळाशीच असेल असे नाही. त्यामुळे केंद्रावर २ मीटरची नोंद असताना तिथे पाणी गुडघाभर असू शकते, आणि थोड्या अंतरावरच्या डोहात ते दोन पुरुषही असू शकते. याच कारणाने दोन वेगवेगळ्या केंद्रांवरील पातळ्यांची एकमेकींशी तुलना करण्यात अर्थ नसतो. एकाच केंद्रावरील कालच्या आणि आजच्या पातळीची तुलना मात्र फार उपयोगाची असते.

विसर्ग म्हणजे पात्राच्या आडव्या छेदातून एका सेकंदात वाहून जाणारे पाणी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अर्थात सुमारे २८.३ लिटर, एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, अर्थात १,००० लिटर किंवा सुमारे ३५.३ क्युसेक. आकडा वाचताना आधी एकक पाहावे, कारण क्युमेकचा आकडा क्युसेकचा समजल्यास नदीविषयीचा अंदाज पस्तीस पटींनी चुकतो.

बहुतेक केंद्रांवर विसर्ग सतत थेट मोजला जात नाही. सतत मोजली जाते ती पातळी. त्यासाठी काठावर किंवा पुलाच्या खांबावर खुणांची पट्टी असते, नदीला नळीने जोडलेल्या विहिरीत तरंगता गोळा असतो, किंवा पुलाखाली बसवलेले रडार पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजते. मग वेगवेगळ्या पातळ्यांना कर्मचारी प्रत्यक्ष जाऊन पात्राचे उभे पट्टे कल्पून प्रत्येक पट्ट्याची रुंदी, खोली आणि पाण्याचा वेग मोजतात, त्यावरून प्रत्येक पट्ट्याचा विसर्ग काढतात आणि त्यांची बेरीज करतात. अशा अनेक मोजण्यांवरून पातळी आणि विसर्ग यांचा संबंध दाखवणारा वक्र तयार होतो, व रोजचा विसर्ग त्या वक्रावरून काढला जातो. मोठ्या पुरात तळाची वाळू सरकली किंवा काठ खचला की हा संबंध बदलतो आणि मोजणी पुन्हा करावी लागते. म्हणून ताजा आकडा हा नंतर दुरुस्त होऊ शकणारा आकडा असतो, हे ध्यानात ठेवावे.

माणसाने नदीची पातळी नोंदवणे ही जुनी गोष्ट आहे. कैरोमधील रोडा बेटावर नाईल नदीची पातळी मोजणारा दगडी स्तंभ इसवी सन ८६१ मध्ये उभारला गेला, आणि तिथल्या पातळीवरून पिकांचा व करांचा अंदाज बांधला जात असे.

प्रश्न : मी कयाक चालवायला शिकलो आहे. अमुक क्युमेकपर्यंत नदीत उतरणे सुरक्षित, असा एखादा ठरावीक आकडा असतो का?

उत्तर : सर्व नद्यांना लागू पडेल असा आकडा नसतो आणि तसा कोणी सांगितला तरी त्यावर विसंबू नये. रुंद, सपाट पात्रात जो विसर्ग संथ वाटतो, तोच अरुंद घळीत उतरला की उसळत्या लाटा आणि भोवरे तयार करतो. त्यातही आकडा वाढतो त्याच प्रमाणात धोका वाढतो असे नाही. उतार तोच असलेल्या रुंद पात्रात खोली दुप्पट झाली की वेग सुमारे दीडपट होतो आणि विसर्ग तिप्पट. पाण्याचा अंगावर येणारा जोर मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. सेकंदाला एक मीटर वेगाच्या प्रवाहात कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला जो रेटा कसाबसा सोसतो, तो वेग दोन मीटर झाल्यावर सोसणे जवळजवळ अशक्य असते, कारण पाणी तितकेच दिसत असले तरी रेटा चौपट झालेला असतो.

माझ्या मते एकट्या आकड्यापेक्षा त्याची दिशा महत्त्वाची आहे. मागील चोवीस तासांचा, शक्य असल्यास काही दिवसांचा आलेख पाहावा. चढत्या पाण्यात ओंडके, फांद्या आणि काठावरचा कचरा वाहून येतो, काठ ढासळू लागतात आणि बाहेर पडण्याच्या ओळखीच्या जागा पाण्याखाली जातात. म्हणून तोच आकडा पाणी चढत असताना दिसला तर बेत रद्द करावा. उतरत्या पाण्याचा अंदाज बांधणे तुलनेने सोपे असते, पण पुराने आणून अडकवलेली झाडे मागे राहिलेली असतात, आणि अशा झाडाच्या फांद्यांमधून पाणी निघून जाते, माणूस मात्र अडकतो. फार कमी पाणीही निर्धोक नसते, कारण उघडे पडलेले खडक नाव अडवून उलटवतात. नोंद किती वाजताची आहे हेही पाहावे; काही तासांपूर्वीचा आकडा आताच्या नदीविषयी काहीच सांगत नसेल.

एक सवय मनापासून सुचवतो. प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी जवळच्या केंद्राचा आकडा वहीत लिहावा आणि नदीवर पोहोचल्यावर कोणता खडक बुडाला आहे, कोणत्या पायरीपर्यंत पाणी आहे, प्रवाह कसा वागतो आहे हे त्यापुढे टिपावे. काही काळाने तुमच्या ठिकाणासाठी आणि तुमच्या कौशल्यासाठी त्या आकड्याला अर्थ येईल. तोपर्यंत त्या नदीची माहिती असलेल्या जाणत्या नावाड्याबरोबरच उतरावे.

प्रश्न : आकाश स्वच्छ होते, तरी आम्ही पात्रात बसलो असताना पाणी अचानक वाढले. हे कसे घडते, आणि आधी कळू शकते का?

उत्तर : नदीचे पाणी तुमच्या डोक्यावरच्या ढगातून येत नाही, ते वरच्या संपूर्ण पाणलोट क्षेत्रातून येते. वर कोसळलेला पाऊस काही तासांनी खाली पोहोचतो. उताराच्या, खडकाळ भागात हा अवधी फार कमी असतो. धरणातून विसर्ग सोडला की कोरड्या दिवशीही पातळी झपाट्याने वाढते, आणि बर्फातून उगम पावणाऱ्या नद्यांत दुपारच्या उन्हाने वितळलेले पाणी संध्याकाळी किंवा रात्री खाली येते. म्हणून आपल्या ठिकाणच्या केंद्राबरोबर वरच्या बाजूच्या केंद्राचीही नोंद पाहावी आणि धरणाच्या विसर्गाची सूचना विचारून घ्यावी.

नदीकाठी पोहोचल्यावर पाण्यालगत एक दगड रचावा किंवा काठी रोवावी आणि अधूनमधून तिच्याकडे पाहावे. स्वच्छ पाणी गढूळ होणे, पाने-काड्या वाहून येणे, प्रवाहाचा आवाज बदलणे ही वाढत्या पाण्याची चिन्हे आहेत. यापैकी एक जरी दिसले तरी सामान गोळा करत न बसता उंचावर जावे, आणि पात्रातील बेटावर असाल तर सर्वांत आधी. वाहन घेऊन पाण्याखाली गेलेला रस्ता किंवा पूल ओलांडू नये. सुमारे १५ सेंटिमीटर खोल वेगवान पाणी माणसाला पाडू शकते, सुमारे ३० सेंटिमीटर पाणी छोटी मोटार वाहून नेऊ शकते आणि ६० सेंटिमीटर पाण्यात बहुतेक वाहने टिकत नाहीत. पाण्याखालचा रस्ता खचला आहे की नाही, हे तर वरून दिसतच नाही.

प्रश्न : कमी उंचीच्या बंधाऱ्यावरून पाणी अगदी शांतपणे पडते. तिथून होडी खाली घालणे किंवा खाली पोहणे धोक्याचे का मानतात?

उत्तर : कारण तो शांतपणा फसवा आहे. बंधाऱ्यावरून खाली पडणारे पाणी तळाशी जाते, पुढे वर येते आणि पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडे वळते. या फेऱ्यात सापडलेली वस्तू वर येते, मागे ओढली जाते आणि पडत्या धारेखाली पुन्हा दाबली जाते. त्या पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असल्याने ते माणसाला नेहमीइतके उचलून धरत नाही. बंधारा संपूर्ण पात्रभर सरळ असल्यामुळे बाजूने सुटायलाही वाट नसते. वाचवायला गेलेले लोकही अशा ठिकाणी बुडाले आहेत. वरच्या बाजूने येणाऱ्या नावाड्याला बंधारा केवळ पाण्यावरची एक आडवी रेघ म्हणून दिसतो, तोही उशिरा. तेव्हा मार्गातील प्रत्येक बंधारा आधी नकाशावर पाहून ठेवावा, पुष्कळ आधी काठाला लागावे आणि होडी उचलून जमिनीवरून पुढे न्यावी.

प्रश्न : मला उत्तम पोहता येते. तरीही लाइफ जॅकेट लागेल का? आणि कोणी प्रवाहात पडले तर काय करावे?

उत्तर : लागेल. थंड पाण्यात अचानक पडल्यावर पहिल्याच क्षणी धाप लागते, श्वास आवरत नाही आणि काही मिनिटांत हातपाय काम करेनासे होतात. तिथे पोहण्याचे कौशल्य हाताशी राहत नाही. जॅकेट आपल्या मापाचे, सर्व पट्टे आवळलेले आणि अंगात घातलेले असावे. होडीत ठेवलेल्या जॅकेटचा उपयोग नाही.

स्वतः पडलात तर पाठीवर तरंगावे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि पृष्ठभागाजवळ ठेवावेत, आणि हातांनी तिरपे काठाकडे सरकावे. गुडघ्यापेक्षा खोल वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, कारण पाऊल दगडांत अडकले तर मागचा प्रवाह माणसाला पुढे वाकवून पाण्याखाली दाबतो. समोर अडकलेले झाड आले आणि ते चुकवता येत नसेल, तर पोटावर वळून डोके पुढे करून वेगाने पोहावे आणि फांदीवर चढावे. पाय आधी आत जाऊ देऊ नयेत.

दुसरे कोणी पडले तर मदत बोलवावी, काठावर आडवे होऊन काठी किंवा ओढणी पुढे करावी, नाहीतर दोरी किंवा तरंगणारी वस्तू फेकावी. दोरी आपल्या अंगाला किंवा मनगटाला बांधू नये. प्रशिक्षण नसताना पाण्यात उडी घेऊ नये; अशा उडीने एकाऐवजी दोघांना शोधावे लागते. बाहेर काढलेल्या व्यक्तीचा श्वास थांबला असेल तर लगेच कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब देणे सुरू करावे, पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. आणि ती शुद्धीवर व ठीक दिसत असली, पण तिला खोकला किंवा धाप लागत असेल, तर ओले कपडे बदलून उबेत ठेवून तिला दवाखान्यात न्यावे.