सीव्हीटी गाडी कन्नड घाट चढते का, आणि तिचा बेल्ट खरंच तुटतो का?

चढते. आरामात चढते. (सीव्हीटी म्हणजे गिअरऐवजी पुली-बेल्टवर चालणारी ऑटोमॅटिक.)

तुम्ही लिहिलंय की धुळ्याला राहता, आठवड्यातून जळगाव असतं, मधून मधून कन्नड घाटातून संभाजीनगर, बजेट सेकंडहँडचं आहे आणि मेहुणे म्हणताय की सीव्हीटीचा बेल्ट तुटतो, घाटात दम टाकते, त्यापेक्षा एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण गिअर मशीन बदलतं) घ्या. मी जळगावचा. माझ्याकडे पेट्रोल होंडा सिटी सीव्हीटी आहे, बरीच वर्षं झाली, लाखाच्या पुढे चाललीय, तेव्हा जे बघितलं ते सांगतो, मेहुण्यांशी वाद तुमचा तुम्ही घाला.

आधी बेल्टचं. लोकांच्या डोक्यात अ‍ॅक्टिवाचा रबरी बेल्ट बसलेला आहे. तत्त्व तेच आहे, दोन पुली, मधे बेल्ट, पुलीच्या चकत्या जवळ-लांब होतात तसा रेशो बदलत जातो, पहिला-दुसरा-तिसरा असे गिअरच नाहीत. पण कारमधला बेल्ट स्टीलचा असतो, शेकडो बारीक तुकडे स्टीलच्या पट्ट्यांवर ओवलेले, आणि ह्युंदाई-कियाच्या आयव्हीटीत (त्यांच्या सीव्हीटीचं नाव) तर चेनच असते. चालत्या गाडीत तुटला असं माझ्या ओळखीत तरी कोणाचं झालं नाही. मर्यादा आहे ती वेगळी, ताकद किती झेलायची याची. होंडाने २०१८ ला डिझेल अमेझ सीव्हीटीत आणली, तर मॅन्युअलमध्ये १०० पीएस देणारं तेच इंजिन सीव्हीटीसाठी ८० वर आणलं, टॉर्कपण २०० चा १६० केला. म्हणजे कंपनीने आधीच हिशोब करून ठेवलेला असतो, आपण फक्त त्या गाडीला ट्रॉली ओढायला लावायची नाही.

आता घाट. चढताना पाय एकसारखा दाबून ठेवा, इंजिन एका आवाजात ओरडत राहील आणि गाडी वर जात राहील, मधे गिअर बदलायचा झटका नाही काही नाही, पहिल्यांदा बसणाऱ्याला वाटतं क्लच घसरतोय की काय, तर तसं नाही, तिचा स्वभावच तो आहे. काळजी करायची ती उतरताना. येताना कन्नडकडून चाळीसगावला उतरताना लिव्हर डी (ड्राइव्ह) मधेच ठेवली तर सीव्हीटी इंजिनाला निवांत ठेवायला बघते, इंजिनाचा अटकाव जवळजवळ लागतच नाही, गाडी सुटते आणि सगळा भार ब्रेकवर. खाली येईपर्यंत ब्रेक जळाल्याचा वास. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच एस (स्पोर्ट) किंवा एल (लो) मधे टाका, ज्या गाडीत स्टिअरिंगमागे पॅडल आहेत तिथे वजा खुणेचं पॅडल मारा, इंजिन चार हजार आरपीएमला गेलं तरी घाबरू नका, त्यासाठीच तर टाकलंय. आणि न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे जे असतात ना, त्यांच्या हातात ही गाडी देऊच नका.

घाटात लाईन लागली तर चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक धरा. तसं तोलत बसलं की ट्रान्समिशनचं ऑइल तापतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्री बाहेरच असते.

मला सीव्हीटीचा खरा कंटाळा येतो तो सावदा-रावेर रोडला. दुपदरी रस्ता, पुढे केळीचा ट्रक, समोरून एसटी, मधे जेवढी जागा तेवढ्यात काढायची. पाय मारला की आधी आवाज येतो आणि मग गाडी येते, यालाच लोक रबर बँड म्हणतात. सवयीने जमतं, म्हणजे ट्रकच्या मागे असतानाच एस मधे टाकून ठेवायची, इंजिन फिरत राहतं, मग जागा दिसली की लगेच निघते. पण ज्याला असं खेचत चालवायची हौस आहे त्याने सीव्हीटी घेऊ नये, रोज शिव्या देईल. तुमचा धुळे-जळगाव चौपदरी आहे, तिथे हा प्रश्न नाही, ऐंशी-नव्वदला इंजिन दोन हजाराच्या आसपास शांत पडलेलं असतं. आणि जळगावात खोटेनगर ते अजिंठा चौफुली संध्याकाळी एकदा चालवून बघा, तिथे सीव्हीटीसारखं सुख नाही भो. अ‍ॅव्हरेजचं पण उगाच घाबरवतात, २०२० ला आलेल्या सिटीचा कंपनीचा आकडा मॅन्युअलला १७.८ आणि सीव्हीटीला १८.४ होता. प्रत्यक्षात गावात एसी लावून त्यापेक्षा बरंच कमी मिळतं, पण ते मॅन्युअललाही कमीच मिळतं.

पैसे जिथे जातात ती गोष्ट म्हणजे ऑइल. सीव्हीटीचं ऑइल वेगळं असतं, होंडाला एचसीएफ-२, दुसऱ्या कंपन्यांची आपापली, गाडीसोबतच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. त्याच्या जागी साधं एटीएफ (इतर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालत नाही, कारण त्या ऑइलला गुळगुळीत तर ठेवायचंय पण बेल्टची पकड सुटू द्यायची नाही. आमच्या एका नातेवाईकाच्या गाडीत बाहेरच्या गॅरेजवाल्याने "सगळं ऑटोमॅटिकचं ऑइल एकच" म्हणून भलतंच टाकलं, मग गाडी उचलताना थरथरायला लागली. ऑइल काढून दुसरं टाकून तात्पुरती बरी झाली, पण मनात शंका राहिलीच. बेल्ट-पुलीपर्यंत गेलं तर आपल्या इकडे उघडून दुरुस्त करणारे मिस्तरी शोधून सापडत नाही, सरळ पूर्ण युनिट बदला म्हणतात आणि सेकंडहँड गाडीत तो खर्च परवडत नाही. म्हणून ज्या गाडीला ऑइल बदलल्याची बिलं नाहीत ती कितीही चकाचक असू द्या, सोडून द्या.

एएमटी आणि सीव्हीटी मधे गोंधळ करू नका, जाहिरातीत दोन्हीला "ऑटोमॅटिक" लिहितात. बलेनोच घ्या, २०२२ च्या नवीन मॉडेलआधी तिच्यात सीव्हीटी यायची, नंतर एएमटी आली. बघायला गेले की लिव्हर बघा, पी (पार्क) असेल तर ती एएमटी नाही, आर-एन-डी-एम असेल तर एएमटी. एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच-गिअर मशीन दाबतं, दुरुस्ती स्वस्त पण ट्रॅफिकमधे मान हलवते.

ट्रायल थंड इंजिनावर घ्या, विकणाऱ्याला आधी सुरू करून ठेवू नका म्हणून फोनवरच सांगा. डी मधे टाकून ब्रेक हळूच सोडा, गाडी न थरथरता सरकली पाहिजे. मग रस्त्यावर वीस ते साठ हळूहळू घ्या, खिडक्या बंद, गाणी बंद, आणि वेगाबरोबर वाढत जाणारा किणकिणाट किंवा घरघर येते का ऐका. नंतर लळिंग घाटाकडे एक चक्कर मारून गाडी गरम झाल्यावर हेच परत करा.