वाचकांचे प्रश्न : टाकीतले अन्न आणि नाशिकची शेती

पेशींपासून अन्न वाढवण्याच्या तंत्राची ओळख करून देणारे एक टिपण गेल्या अंकात प्रसिद्ध झाले होते. प्राणी न कापता मांस, जनावर न पाळता दुधातील प्रथिने आणि झाड न लावता फळाच्या पेशी मिळवण्याचे जगभरातील प्रयत्न त्यात थोडक्यात सांगितले होते. त्यावर नाशिक जिल्ह्यातून आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या घरात तीन पिढ्यांची द्राक्षबाग आहे. इस्रायलमध्ये वेलीशिवाय द्राक्षे तयार होतात, असे टिपणात वाचून माझा मुलगा म्हणतो की मग नवा प्लॉट लावायचा कशाला? अवकाळी पाऊस, डाऊनी रोग आणि औषधांचा खर्च यांनी तो आधीच कंटाळलेला आहे. त्याला काय सांगावे? — एक बागायतदार, निफाड

तेथे द्राक्षे तयार होत नाहीत, द्राक्षाच्या पेशी तयार होतात, हे त्याला सर्वप्रथम सांगावे. बायोहार्वेस्ट ही इस्रायलमधील कंपनी लाल द्राक्षाच्या पेशी बंद टाकीतील द्रवात वाढवते, त्या वाळवते आणि त्यांची पावडर आहारपूरक म्हणून विकते. त्या मालाला देठ नाही, घड नाही आणि तोंडात फुटणारा मणीही नाही.

यामागची विद्या आपल्याला नवी नाही. वनस्पतीचा लहानसा तुकडा निर्जंतुक करून साखर, क्षार, जीवनसत्त्वे आणि संप्रेरके घातलेल्या माध्यमावर बाटलीत ठेवला, तर काही आठवड्यांत कापलेल्या कडेवर फिकट, ओलसर आणि चिमट्यात धरताच भुसभुशीतपणे सुटणारा पेशींचा गोळा वाढू लागतो. संप्रेरकांचे परस्परप्रमाण बदलले की त्याच गोळ्यातून कोंब फुटतात किंवा मुळे सुटतात. दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीश महेश्वरी यांनी १९६४ साली धोतऱ्याच्या परागकोशांपासून थेट रोपे मिळवली, तेव्हा जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची दखल घेतली होती. आणि जळगावकडे घरोघरी पोहोचलेली टिश्यू कल्चरची केळी याच विद्येची देणगी आहे. फरक असा की केळीच्या प्रयोगशाळेला रोप हवे असते, तर टाकीवाल्याला कोंब फुटायलाच नको असतो. पेशींनी रोप होण्याच्या भानगडीत न पडता केवळ संख्येने वाढत राहावे, अशी सारी व्यवस्था तो ठेवतो.

आता साखरेचा हिशेब पाहा. वेलीवरच्या मण्यात उतरणारी साखर पाने उन्हात तयार करतात, आणि म्हणूनच शेंडा कधी मारायचा व घडापुढे पाने किती राखायची याची आपण एवढी काळजी घेता. टाकीतल्या पेशीला पाने नसतात. ती सहसा स्वतः अन्न तयार करत नाही. तिला साखर बाहेरूनच पाजावी लागते, आणि प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या माध्यमात ती लिटरला ३० ग्रॅम असते. साखर विकत आणून द्राक्षाची गोडी निर्माण करणे हा उघडच तोट्याचा व्यवहार आहे. म्हणून या कंपन्या गोडीच्या मागे लागत नाहीत. सालीत अल्प प्रमाणात आढळणाऱ्या रेस्व्हेराट्रॉलसारख्या महाग द्रव्यांच्या मागे लागतात.

यातून एक ठोकताळा निघतो. ज्या मालाचा भाव आकार, करकरीतपणा आणि ताजेपणा यांवर ठरतो, त्याला टाकीची स्पर्धा नजीकच्या काळात नाही. जो माल शेवटी अर्क किंवा पावडर होऊनच विकला जातो आणि ज्याची किंमत किलोमागे मोठी असते, त्याने मात्र सावध असावे. कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेल हे औषध आज यू वृक्षाची साल न सोलता त्याच्या पेशी टाकीत वाढवून मिळवता येते, आणि फिनलंडच्या व्हीटीटी या संशोधन संस्थेने २०२१ साली कॉफीच्या पेशी वाढवून, भाजून त्यांची कॉफी करून दाखवली. या निकषावर कोको आणि व्हॅनिला पिकवणाऱ्यांनी विचार करायला हवा. आपले निर्यातीचे थॉमसन जातीचे द्राक्ष मिलिमीटरच्या मापाने आणि देठाच्या हिरवेपणाने विकले जाते. लासलगावचा कांदा आणि पिंपळगावचा टोमॅटो तर किलोमागे इतके स्वस्त आहेत की त्यांच्यासाठी निर्जंतुक टाकी चालवणे कोणाला परवडायचे नाही.

टाकीत वाढलेला माल आपण वर्षानुवर्षे वापरत आहात, हेही मुलाच्या कानावर घालावे. मणी लांबवण्या-फुगवण्यासाठी ज्या जीएमध्ये घड बुडवले जातात, ते जिबरेलिक आम्ल कारखान्यात बुरशी वाढवूनच मिळवतात. भाताची रोपे अवास्तव उंच करून पाडणाऱ्या रोगाचा अभ्यास करताना एका जपानी संशोधकाला १९२६ साली या बुरशीच्या स्रावाचा माग लागला होता. म्हणजे निफाडच्या बागेत टाकी कधीच येऊन पोहोचली आहे, आणि तिने वेल उपटला नाही. नवा प्लॉट लावावा की नाही हे बाजारभाव, पाणी आणि मजूर पाहून ठरवावे. इस्रायलची पावडर पाहून नव्हे.

प्राणी न मारता तयार केलेले मांस शाकाहारी समजावे काय? आमच्याकडे चातुर्मास पाळतात. — एक वाचक, पंचवटी

धर्माचरणाचा निर्णय या सदराच्या अधिकारात बसत नाही. वस्तुस्थिती मात्र सांगता येते. या मांसाची सुरुवात जिवंत प्राण्याच्या स्नायूतून सुईने घेतलेल्या, अंड्यातील गर्भातून मिळवलेल्या किंवा पूर्वीपासून प्रयोगशाळेत जतन केलेल्या पेशींपासून होते. पेशी प्राण्याचीच असल्यामुळे तयार होते ते मांसच. त्याची प्रथिने, चव आणि त्याने होणारी अ‍ॅलर्जीही मांसाचीच. त्यातच अनेक वर्षे या पेशींच्या पोषणासाठी वासराच्या गर्भाच्या रक्तातील सीरम वापरले जात असे, आणि ते गाभण गाय कापली गेल्यावरच मिळते. त्यामुळे 'हत्येविना' हा दावा तेव्हा पोकळ होता. अलीकडे सीरमविरहित माध्यमे तयार झाली असून सिंगापूरने २०२३ साली अशा माध्यमात वाढवलेल्या कोंबडीच्या मांसाला मान्यता दिली. आमच्या मते अहिंसेचा प्रश्न त्यामुळे बराच सौम्य होतो, पण मांसाहाराचा प्रश्न होता तेथेच राहतो.

दुधाचे प्रकरण वेगळे आहे. तेथे दुधातील प्रथिनाचा जनुक यीस्टसारख्या सूक्ष्मजीवात बसवून ते प्रथिन त्याच्याकडून तयार करून घेतात, आणि शेवटच्या मालात प्राण्याची पेशी नसते. चीज विरजण्यासाठी पूर्वी वासराच्या जठरातून काढले जाणारे कायमोसिन अमेरिकेत १९९० पासून याच पद्धतीने मिळते. बाजारातील पुष्कळसे चीज 'शाकाहारी' म्हणून आपल्या ताटात येऊ शकते, ते त्यामुळेच.

करारावर ब्रॉयलर पाळतो. शेड बांधण्यासाठी काढलेले कर्ज अजून फिटायचे आहे. हे मांस बाजारात कधी येईल, आणि आल्यास आमचे काय? — एक कुक्कुटपालक, सिन्नर

तारीख सांगणे हे ज्योतिषाचे काम होईल, आणि या क्षेत्रातील कंपन्यांनी ते आजवर भरपूर केले आहे. घडलेल्या गोष्टी तेवढ्या सांगतो. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाचे मार्क पोस्ट यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये लंडनला प्रयोगशाळेत वाढवलेल्या गोमांसाचा पहिला बर्गर सादर केला. त्याचा खर्च सुमारे अडीच लाख युरो होता. डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरने कोंबडीच्या अशा मांसाच्या विक्रीला जगात पहिली परवानगी दिली, आणि जून २०२३ मध्ये अमेरिकेने दोन कंपन्यांना ती दिली. उलट इटलीने त्याच वर्षी, आणि अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने २०२४ मध्ये, या मांसावर बंदी घातली. सिंगापूरच्या दुकानात २०२४ साली जे पाकीट विक्रीला आले, त्यात कोंबडीच्या पेशींचे प्रमाण ३ टक्के होते. बाकीचा भाग मुख्यतः वनस्पतिजन्य प्रथिनांचा होता. हा शेवटचा आकडा जाहिरातीतील सगळ्या मोठ्या शब्दांपेक्षा बोलका आहे.

खर्च उतरत का नाही, हे आपल्याला चटकन समजेल. आपला पक्षी पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या घरात जातो आणि किलोभर वजनासाठी साधारण पावणेदोन किलो खाद्य खातो. हा पक्षी स्वतःचे तापमान राखतो, स्वतः श्वास घेतो, स्वतःच्या पेशींना रक्त पुरवतो आणि किरकोळ जंतूंशी स्वतःच झुंजतो. टाकीत ही सर्व कामे विजेने आणि यंत्रांनी करावी लागतात. पेशींचे दुप्पट होणे म्हणजे जवळजवळ एका दिवसाचे काम, तर जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्यामुळे एक जिवाणू आत शिरला तरी संपूर्ण टाकी ओतून द्यावी लागते. शेडमध्ये मर लागली तरी काही पक्षी हाती राहतात, येथे काहीच राहत नाही. शिवाय पेशींच्या थरात प्राणवायू मिलिमीटरच्या अंशाइतकाच खोल पोहोचतो, म्हणून जाड तुकडा वाढवणे कठीण जाते. खिम्यासारखा माल त्या मानाने सोपा.

भारतात असे अन्न अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. संशोधन मात्र चालू आहे : हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन केंद्राला या कामासाठी २०१९ साली केंद्राचा निधी मिळाला, आणि कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२४ च्या प्रारंभी पापलेट, सुरमई अशा माशांच्या पेशींवर काम करण्यासाठी एका खासगी कंपनीशी करार केला. महाग मासा आधी, स्वस्त कोंबडी नंतर, हा क्रम आम्हाला व्यवहार्य वाटतो. कर्जाचे हप्ते फेडताना आपण टाकीपेक्षा मक्याच्या आणि सोयापेंडीच्या भावाकडे लक्ष ठेवावे, असे आम्ही सुचवू.

पारंपरिक शेती आणि पशुपालन यांच्या तुलनेत ही पद्धत पर्यावरणाला खरोखर हितकारक आहे काय? — कृषी शाखेचे काही विद्यार्थी, नाशिक

जमिनीच्या बाबतीत बहुतेक अभ्यास होकारार्थी आहेत, विशेषतः गोमांसाशी तुलना केली तर. हवामानाच्या बाबतीत उत्तर विजेवर अवलंबून आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी १४.५ टक्के वाटा पशुधनाचा असल्याचा अंदाज दिला होता. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील मिथेन हा त्यातील मोठा भाग आहे. टाकीतून मिथेन सुटत नाही. पण ३७ अंशांवर ऊब राखणे, वाफेने निर्जंतुकीकरण, अतिशुद्ध पाणी, हवा खेळवणे आणि पेशींची उष्णता काढून घेणे यांसाठी सतत ऊर्जा लागते. ती सूर्य-वाऱ्याची असेल तर हिशेब अनुकूल होतो. ती एकलहऱ्यासारख्या कोळशावरच्या केंद्रातून आली, तर जनावराच्या मिथेनऐवजी धुराड्यातील कार्बन डायऑक्साइड आपण पत्करतो. मिथेन हवेत सुमारे बारा वर्षांत विरतो, कार्बन डायऑक्साइडचा परिणाम मात्र शतकानुशतके टिकतो. म्हणून ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिले की दीर्घ मुदतीत टाकीचे मांस प्रत्येक वेळी सरस ठरेलच असे नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील गटाने २०२३ मध्ये तर असे मांडले की औषधनिर्मितीच्या दर्जाइतके शुद्ध केलेले घटक वापरल्यास हरितगृह वायूंचे उत्सर्जन गोमांसापेक्षा कित्येक पटींनी वाढू शकते. अन्नाच्या दर्जाचे घटक वापरले तर चित्र बदलते, आणि सारा वाद सध्या या शुद्धतेच्या पातळीवर येऊन थांबला आहे.

आपण कृषीचे विद्यार्थी आहात म्हणून आणखी एक गोष्ट नमूद करतो, कारण तिचा उल्लेख प्रचारात क्वचितच होतो. या पेशी खातात काय? ग्लुकोज आणि अमिनो आम्ले. ग्लुकोज मुख्यतः मक्यासारख्या पिकांच्या स्टार्चपासून मिळते, आणि अमिनो आम्लांचा स्वस्त स्रोत म्हणून सोयाबीनच्या प्रथिनांकडे पाहिले जाते; जी अमिनो आम्ले सूक्ष्मजीवांकरवी करून घेतात, त्या सूक्ष्मजीवांनाही साखर लागतेच. म्हणजे येवला-मालेगावचा मका या व्यवस्थेतही शेतातच पिकणार आहे. तो कोंबडीच्या चोचीत जाण्याऐवजी स्टार्चच्या कारखान्यात जाईल. 'शेतीला पर्याय' असे या तंत्राचे वर्णन आम्हाला म्हणूनच पटत नाही. फार तर तो पशुपालनाला अंशतः पर्याय आहे. त्यात खरा बदल होईल तो मधल्या टप्प्याच्या मालकीत : आज एक गाय किंवा दोनशे कोंबड्या अल्पभूधारक कुटुंबाला सांभाळता येतात, पण निर्जंतुक टाकी आणि पेशींचे पेटंट त्याच्या आवाक्यातले नाही. मूल्यवर्धन कंपनीकडे आणि कच्चा माल शेतकऱ्याकडे, अशी विभागणी ऊस आणि कापूस उत्पादकांनी पुरेशी अनुभवलेली आहे. संशोधनाचा विषय निवडताना आपण पेशींइतकेच त्यांच्या खाद्याकडेही पाहावे. स्थानिक मक्या-सोयाबीनपासून अन्नदर्जाचे माध्यम तयार करणे हा नाशिकमध्ये बसून करता येण्यासारखा, कमी गाजावाजाचा पण महत्त्वाचा प्रश्न आहे.

रिकाम्या पडलेल्या शेडमध्ये अशी छोटी टाकी बसवून घरगुती उत्पादन करता येईल काय? — एक वाचक, दिंडोरी

नाही. निर्जंतुक हवा, प्रशिक्षित माणसे, पेशींचा साठा आणि विक्रीची परवानगी यांपैकी एकही गोष्ट शेडमध्ये उभी राहणार नाही, आणि कोणी तसे आश्वासन देऊन आगाऊ रक्कम मागत असेल तर ती देऊ नये. बंद जागेत, थोड्या पाण्यावर अन्न वाढवायचे असेल तर धिंगरी अळिंबीचा (मशरूमचा) विचार करावा. स्पॉन, म्हणजे अळिंबीचे बियाणे, खात्रीच्या प्रयोगशाळेतून विकत आणावे. बाकी काम गव्हाच्या काडावर किंवा सोयाबीनच्या कुटारावर होते. काड भिजवून गरम पाण्यात निर्जंतुक करावे, निथळल्यावर थराथराने स्पॉन पेरून पिशव्या भराव्यात आणि पांढरी बुरशी पूर्ण पसरेपर्यंत त्या अंधारात ठेवाव्यात. पावसाळा आणि हिवाळा या पिकाला मानवतो. एप्रिल-मेमध्ये ओली पोती लावूनही शेड थंड राहत नसेल, तर त्या दोन महिन्यांत पिशव्या भरू नयेत.