क्वेकर : कापऱ्या ते मित्र

प्रश्न असा आला आहे : ओट्सच्या डब्यावरचा तो टोपीवाला म्हातारा ‘क्वेकर’ पंथाचा म्हणे. मग क्वेकर म्हणजे काय? अर्थक्वेकमधला क्वेक हाच का?

हो, तोच. क्वेक म्हणजे थरथरणं, आणि क्वेकर म्हणजे थरथरणारा. आपण रडणाऱ्याला रड्या म्हणतो, तसं हे ‘कापऱ्या’. अंगात कापरं भरणारा तो कापऱ्या! नावातच कुचेष्टा आहे.

या ख्रिस्ती पंथाचं स्वतःचं नाव ‘रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स’, म्हणजे ते एकमेकांना ‘मित्र’ म्हणवतात. पंथाचा प्रवर्तक जॉर्ज फॉक्स याला १६५० साली इंग्लंडमधल्या डर्बी गावी ईश्वरनिंदेच्या आरोपावरून न्यायाधीशांपुढे उभं केलं. फॉक्सनं आपल्या रोजनिशीत लिहिलंय की, ‘प्रभूच्या वचनापुढे थरथरा कापा’ असं आपण बजावलं, म्हणून न्यायमूर्ती बेनेट यांनी आपल्याला पहिल्यांदा क्वेकर म्हटलं. मात्र शब्द बेनेटसाहेबांनी घडवलेला नाही. १६४७ च्या एका पत्रात लंडनजवळच्या सदर्कमधल्या, अंगात आल्यासारख्या थरथरणाऱ्या बायकांच्या एका पंथाला हेच नाव दिलेलं आढळतं. म्हणजे तयार शिवी होती, ती फॉक्सला चिकटली. शिवाय प्रार्थनेत या मंडळींपैकी काहींना खरोखरच कापरं भरायचं, त्यामुळे ती चपखलही बसली. पुढे त्यांनीच ती बिनतक्रार वापरायला घेतली. (मेथडिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचं नावही असंच चिडवण्यातून आलेलं.)

गंमत म्हणजे आज क्वेकर म्हटलं की आठवते ती शांतता. इंग्लंडातल्या त्यांच्या सभेत पाद्री नाही, ठरलेली प्रार्थना नाही. सगळे गप्प बसतात आणि आतून प्रेरणा झाली तरच कुणी उठून बोलतो.

मला मात्र त्यांची भाषा जास्त भावते. तेव्हाच्या इंग्रजीत ‘दाऊ’ म्हणजे आपलं तू आणि ‘यू’ म्हणजे तुम्ही. मोठ्यांना ‘यू’ म्हणायची रीत होती. देवापुढे सगळे सारखे, म्हणून हे लोक न्यायाधीशालाही तू म्हणत, आणि वर डोक्यावरची टोपीही काढत नसत. आपल्या कोर्टात न्यायाधीशांना ‘अरे, ऐक’ म्हणून बघा, मग कळेल लोक का खवळत.

डब्यावरच्या म्हाताऱ्याचं म्हणाल, तर कंपनीचा पंथाशी संबंध नाही. १८७७ साली नोंदवलेलं ते व्यापारचिन्ह. क्वेकर म्हणजे सचोटीचा माणूस, एवढी ख्याती उचलली. शिवी म्हणून निघालेला शब्द सव्वादोनशे वर्षांत माल खपवायच्या कामी आला तो असा.

‘दाऊ’चं पुढे उलटंच झालं. इंग्रजीनं तू टाकून दिलं आणि सरसकट सगळ्यांना तुम्ही म्हणायला सुरुवात केली. क्वेकर घरांत मात्र नवराबायको एकमेकांना ‘दी’ (‘दाऊ’चंच रूप, म्हणजे ‘तुला’) म्हणत राहिले, तेही ‘दी इज’ अशा व्याकरणाला न जुमानणाऱ्या थाटात.