270 रुपये वाचवायला 16,600 चा हप्ता?

प्रश्न: नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात राहतो, वय 54. 2014 ची पेट्रोल कार, महिन्याला 600 किलोमीटर. जानेवारीत 15 चं ॲव्हरेज होतं, मे महिन्यात 13 वर आलं. सगळे ई20 ला, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, दोष देतात. 3 लाखांची एफडी मोडून, 8 लाख कर्ज काढून नवी गाडी घेऊ का? मेहुणा म्हणतो, इथेनॉलवाल्या साखर कंपन्यांचे शेअरही घे.

उत्तर: नका घेऊ, भाऊ. नवी गाडीसुद्धा त्याच पंपावर तेच पेट्रोल पिणार आहे. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. नवं इंजिन त्यातलं थोडं भरून काढेल, सगळं नाही. 1 एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांत नळ्या आणि सील 20 टक्के इथेनॉल सोसतील असे असतात, खरा फरक तो.

आता हिशेब. ई20 मुळे सहा टक्के फटका धरू, म्हणजे 15 चे 14.1. महिन्याला अडीच लिटर जास्त. 105 च्या भावाने सुमारे 270 रुपये. आणि 8 लाखांचा हप्ता, 9 टक्क्यांनी पाच वर्षं: 16,600. नुसतं व्याजच पावणेदोन लाखांच्या वर, जवळजवळ दोन लाख.

14 चे 13 कशाने झाले? तुम्ही जानेवारीची तुलना मे महिन्याशी केलीत! नागपूरच्या मे महिन्यात सिग्नलवर एसी बंद करून बसणारा माणूस मी तरी पाहिला नाही. टाकी फुल ते टाकी फुल मोजा, तेही पुढच्या जानेवारीत. टायरची हवा आणि प्लग आधी बघून घ्या.

शेअरचं थोडक्यात सांगतो. इथेनॉल घेतात तेल कंपन्या, भाव ठरवतं सरकार, आणि कशापासून करायचं तेही. डिसेंबर 2023 मध्ये साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने बंदी आली. आठवडाभरात थोडी सैल झाली, पण तोवर शेअर आपटले होते. निवृत्ती सहा वर्षांवर असताना हा खेळ मेहुण्यालाच खेळू द्या.

एफडी राहू द्या. खर्च करायचाच असेल तर ओळखीच्या मेकॅनिककडून पेट्रोलच्या नळ्या तपासून घ्या, भेगा दिसल्या तर बदला. इथेनॉल ओलावा ओढतं, तेव्हा पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.