गुण कोणाला द्यायचे?

नैराश्यावर औषधे घेणाऱ्या माणसांच्या तोंडून एक वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा ऐकले आहे की, ते सुरू होताच त्याचा शेवट मला ठाऊक असतो: "तीन औषधं झाली, कशानंच गुण आला नाही, आता माझ्यासाठी काही उरलंच नसेल." या वाक्याचा पहिला भाग म्हणजे माहिती आणि दुसरा भाग म्हणजे निष्कर्ष. या दोहोंमध्ये अंतर किती, हे कोणी मोजलेले नसते आणि नैराश्याचा बराचसा कारभार त्या न मोजलेल्या अंतरातच चालतो. ते अंतर मोजायचे कसे, हे मला एका गणिताच्या शिक्षिकेमुळे उमगले, म्हणून त्यांची हकीकत येथे सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

त्या प्रथम आल्या तेव्हा नुकतेच तिसरे औषध बंद झाले होते. त्यांच्या मनोविकारतज्ज्ञांनीच त्यांना माझ्याकडे पाठवले होते. मी समुपदेशन करते; औषध लिहून देणे हे माझे काम नाही आणि त्या बाबतीत मी ढवळाढवळही करत नाही, पण त्या दिवशी त्यांचा उतरलेला चेहरा पाहून माझ्या तोंडून निघून गेले, "काळजी करू नका, पुढचं औषध नक्की लागू पडेल." इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर हे वाक्य मी बोलायला नको होते. ते का, हे तीन आठवड्यांनी मला कळले.

तीन आठवड्यांनी त्या आल्या आणि त्यांनी पिशवीतून पत्र्याचा एक चपटा डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. आत गोळ्यांच्या अर्धवट संपलेल्या स्ट्रिप होत्या. तीन औषधांचे तीन गठ्ठे, प्रत्येकाला रबरबँड लावलेला आणि वरच्या स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात सुरू केल्याची तारीख लिहिलेली.

"हा पुरावा आहे," त्या म्हणाल्या.

"कशाचा?"

"माझ्यावर काहीच चालत नाही, याचा. तुम्ही नक्की म्हणाला होतात, म्हणून दाखवायला आणला."

पुराव्याकडे वळण्यापूर्वी मला एक दुसराच प्रश्न विचारणे भाग होते. नैराश्य असलेल्या माणसाच्या घरात उरलेली औषधे साठवून ठेवलेली असतील, तर आडवळणाने बोलण्यात अर्थ नसतो. "जीव द्यायचा विचार मनात येतो का? या गोळ्या त्यासाठी ठेवल्या आहेत का?" असे मी सरळ विचारले. असे विचारल्याने नसलेला विचार मनात येतो, हा एक हट्टी गैरसमज आहे. प्रत्यक्षात बहुतेकांना कोणीतरी विचारले याचेच हायसे वाटते. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ठेवताना तसं काही नव्हतं. परवा रात्री मात्र एकदा आलं मनात."

त्या दिवशी आमचे पुढचे काही बोलणे झाले नाही. त्यांच्या संमतीने त्यांच्या डॉक्टरांना तेथूनच फोन केला, बहिणीला बोलावून घेतले, डॉक्टरांनी त्यांना त्याच संध्याकाळी तपासले आणि तो डबा त्यांच्या घरी परत गेला नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात असे विचार येत असतील, तर पुढच्या भेटीच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना, एखाद्या मदतवाहिनीला किंवा जवळच्या माणसाला सांगावे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांनी हताशपणा मोजणारी प्रश्नावली १९७४ मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढे त्यांच्याच अभ्यासात असे दिसले की, आत्महत्येचा धोका उदासी किती खोल आहे यापेक्षा पुढे काहीच नाही असे माणसाला किती ठामपणे वाटते, याच्याशी अधिक निगडित असतो. औषध शोधण्याच्या या काळात आशा टिकवणे हा नुसता मन रमवण्याचा भाग नाही, तो उपचाराचाच भाग आहे, असे मी मानते ते यामुळे.

माझी जडणघडण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीत झाली, हे माझ्याकडे येणाऱ्यांच्या लवकरच लक्षात येते, कारण मी त्यांच्या बोलण्यातला 'च' फार कान देऊन ऐकते. 'हे औषध लागू पडावे' ही इच्छा आहे. 'हे औषध लागू पडायलाच हवे' ही मागणी आहे. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटते आणि माणूस पुढच्या मार्गाकडे पाहू शकतो. मागणी पुरी झाली नाही तर मात्र सगळेच संपल्यासारखे वाटते. माझे 'नक्की' हे त्या 'च'चेच गोड भावंड होते. मी त्यांना आशा दिली असे मला वाटत होते. खरे तर मी त्यांची सगळी आशा एका गोळीवर लावून टाकली होती. पुढच्या भेटीत मी हे त्यांच्याजवळ कबूल केले. "मला नक्की ठाऊक नाही, आणि डॉक्टरांनाही नसतं," असे म्हटल्यावर त्या पहिल्यांदा माझ्याकडे थोड्या विश्वासाने पाहू लागल्या, हे नमूद करायला हवे.

मग मी त्यांना त्यांच्याच पेशाला शोभेल असे काम दिले. एका वहीत रकाने आखायचे: औषध, डोस, किती दिवस घेतले, काय बदलले, का थांबवले. आठवणीवर विसंबायचे नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या समोर ठेवून भरायचे. पुढच्या आठवड्यात ती वही आम्ही दोघींनी मिळून वाचली. पहिले औषध त्यांनी मळमळीमुळे नऊ दिवसांत, डॉक्टरांना न विचारता सोडले होते. दुसरे पूर्ण डोसमध्ये आठ आठवडे घेतले होते आणि त्याने खरोखरच काही झाले नव्हते. तिसऱ्याने झोप सुधारली होती, पण मन बधिर झाल्यासारखे वाटू लागले आणि शरीरसंबंधांची इच्छा गेली. हे डॉक्टरांना सांगण्याचा संकोच वाटला म्हणून 'उपयोग नाही' एवढेच सांगून त्यांनी ते बदलून मागितले होते.

"तीन पेपर झाले म्हणता," मी म्हणाले, "पूर्ण किती लिहिले गेले?"

त्यांनी बोटाने एकेक ओळ तपासली. "एकच."

"वर्गातला एखादा मुलगा पेपर अर्धा टाकून उठला, तर तुम्ही काय करता?"

"त्या पेपरावरून त्याला गणित येत नाही, असं मी म्हणणार नाही. तो का उठला, ते आधी विचारेन." एवढे बोलून त्या थांबल्या. वहीतल्या त्या तीन ओळींकडे त्या इतका वेळ पाहत राहिल्या की, मला वाटले त्या पुन्हा स्वतःत बुडाल्या. मग मान वर न करताच त्या म्हणाल्या, "पण मॅडम, परीक्षेला बसलं कोण होतं? मी की औषध?"

हा प्रश्न त्यांच्या मनात रुजावा म्हणून मी दोन महिने खटपट करत होते आणि तो त्यांनी स्वतःच विचारला. असे क्षण आमच्या व्यवसायात फार येत नाहीत. आले की आपण काही न बोलण्याचे शहाणपण दाखवावे, एवढे मी एव्हाना शिकले आहे. आपल्या भाषेत औषधाला 'गुण' येतो आणि परीक्षेतही 'गुण'च मिळतात. औषधाला गुण आला नाही, की ही बाई आयुष्यभराच्या सवयीने लाल पेन उचलून स्वतःच्याच नावापुढे शून्य मांडत होती. तीन वेळा असे केल्यावर कोणीही नापासच होणार. औषधाच्या परीक्षेत रुग्ण हा परीक्षार्थी नसतो. फार तर तो तपासणारा असतो, आणि तपासणाऱ्याचे काम नोंद नीट ठेवणे हे आहे.

यानंतर त्यांना आकडे हवे होते, आणि गणिताच्या शिक्षिकेला आकड्यांऐवजी दिलासा देणे हा अपमान ठरला असता. 'स्टार-डी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ४,००० रुग्णांपैकी पहिल्या औषधाने लक्षणे जवळजवळ नाहीशी झालेले साधारण एक तृतीयांश होते, दुसऱ्या टप्प्यावर हे प्रमाण त्याच्या आसपास किंवा थोडे खाली राहिले आणि तिसऱ्या व चौथ्या टप्प्यांवर ते बरेच घसरले. चारही टप्पे मिळून दोन तृतीयांश लोक बरे होतात, असे तेव्हा म्हटले गेले. २०२३ मध्ये झालेल्या फेरतपासणीत मात्र एकूण आकडा त्याहून खूप कमी असल्याचे मांडले गेले. हे सगळे मी त्यांना जसेच्या तसे सांगितले.

"म्हणजे पुढे पुढे शक्यता कमी होत जाते," त्या म्हणाल्या.

"हो. पण तुम्ही कितव्या पायरीवर आहात?"

त्यांनी पुन्हा वही पाहिली. स्वतःला त्या चौथ्या पायरीवर उभ्या समजत होत्या; नोंदीप्रमाणे त्या दुसऱ्या पायरीवर होत्या.

पहिल्याच औषधाने बरे वाटणार नाही, अशी शक्यता मुळातच बरीच असते, हे जर सुरुवातीलाच कोणी सांगितले, तर पुढचा केवढा तरी मनस्ताप वाचेल. कोणाला कोणते औषध मानवेल, हे आधी खात्रीने सांगणारी चाचणी आजही उपलब्ध नाही. या औषधांचा जन्मच चाचपडण्यातून झालेला आहे. १९५० च्या दशकात क्षयरोगासाठी वापरलेल्या आयप्रोनायाझिडने काही रुग्ण अनपेक्षितपणे उत्साही झालेले दिसले आणि त्यातून या शोधाला एक वाट फुटली. डॉक्टर औषध बदलतात तेव्हा ते गोंधळलेले असतात असे मानण्याचे कारण नाही, ही पद्धतच तशी आहे.

व्यवहारातल्या काही गोष्टी मी सर्वांना सांगते. योग्य डोसमध्ये चार ते सहा आठवडे घेतल्याशिवाय औषधाचा निकाल लावता येत नाही. चार आठवड्यांत तसूभरही फरक नसेल, तर गप्प बसून न राहता डॉक्टरांना कळवावे. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता यांसारखे त्रास सहसा आधी येतात आणि गुण नंतर येतो, हा क्रम फार निर्दयी आहे, पण असे बरेच त्रास एकदोन आठवड्यांत ओसरतात. औषध एकदम बंद केल्यास चक्कर, चिडचिड, झोपमोड होऊ शकते आणि मग तो औषधाचा दोष की बंद करण्याचा, हे कळेनासे होते. पंचविशीच्या आतील रुग्णांकडे सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावे, कारण त्या वयात आत्मघाताचे विचार वाढण्याची शक्यता असते. लैंगिक तक्रारी डॉक्टरांना अजिबात नवीन नसतात. त्या तोंडी सांगवत नसतील तर कागदावर लिहून द्याव्यात.

दोन औषधे रीतसर घेऊनही उपयोग झाला नाही, तर नुसते तिसरे नाव लिहून न घेता निदानाची फेरतपासणी करण्याची विनंती डॉक्टरांना जरूर करावी. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, दारू, दुसऱ्या आजाराची औषधे आणि मुख्य म्हणजे पूर्वी कधी येऊन गेलेला अतिउत्साहाचा काळ यांची चौकशी अनेकदा अर्धवट झालेली असते. असा काळ येऊन गेला असेल तर आजार द्विध्रुवीय, म्हणजे नैराश्य आणि अतिउत्साह अशी दोन टोके असलेला (बायपोलर), असू शकतो आणि उपचारांची दिशाच बदलते. शिवाय लिथियम किंवा थायरॉइड संप्रेरकाची जोड, समुपदेशन, मेंदूला दिले जाणारे चुंबकीय उत्तेजन आणि चित्रपटांनी विनाकारण बदनाम केलेली, पण तीव्र नैराश्यात अतिशय परिणामकारक ठरणारी विद्युत उपचारपद्धती (ईसीटी), हे मार्ग असतातच.

घरच्यांना माझे सांगणे थोडेसे वेगळे असते. रोज सकाळी "आज बरं वाटतंय का?" असे विचारू नये, उत्तर 'नाही' असेल तर रुग्णाला तेही आपलेच अपयश वाटते. त्याऐवजी पाहत राहावे. मनाआधी बहुधा झोप सुधारते, भूक सुधारते, अर्धवट राहिलेले एखादे काम हातात घेतले जाते आणि हे रुग्णाच्या आधी घरच्यांना दिसते. शिक्षिकाबाईंच्या वहीत तेव्हाची एक नोंद होती: 'आज १२ वह्या तपासल्या. वाईटच वाटत होते.' पुढे बहिणीने पेन्सिलने लिहिले होते: 'मागच्या महिन्यात एकही नव्हती.'

डॉक्टरांनी ती वही वाचली आणि चौथे नाव न लिहिता पहिलेच औषध कमी डोसने पुन्हा सुरू करून हळूहळू वाढवले. या वेळी मळमळ आली आणि दहाव्या दिवशी गेली. नऊ प्रश्नांच्या ज्या प्रश्नावलीवर आम्ही लक्षणे मोजतो, तिच्यावर त्यांचा आकडा २७ पैकी २१ होता. सात आठवड्यांनी तो ११ वर आला आणि तेथेच अडला. पूर्वी या अडण्याने त्या कोसळल्या असत्या. या वेळी त्यांनी वही घेऊन डॉक्टरांना गाठले, डोस आणखी वाढला, आमच्या भेटीही चालू राहिल्या आणि तीन महिन्यांनी आकडा ६ झाला. पाचाच्या खाली आला की आजार ओसरला असे म्हणतात. तेवढे अजून झालेले नाही आणि झाल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवावे लागेल, हे त्यांना माहीत आहे.

मागच्या भेटीत त्यांनी वही माझ्यापुढे उघडली तेव्हा चालू औषधाच्या ओळीखाली पट्टीने आखलेली आणखी एक ओळ दिसली. तिच्यात काही लिहिलेले नव्हते.

"ही कशाला?" मी विचारले.

"लागली तर असावी," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटले.